उजवी पाकळी

पुणे
८ जानेवारी २०२४

प्रिय आते,

साष्टांग नमस्कार. मी तुझ्यावर रागावलो आहे, हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना तुला आवाज चढवून वाचता येईल.

डिसेंबरात आपण दोघं पणजीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तुझे दोन्ही कान तपासले. आतलं एक इवलंसं हाड हलायचं थांबलंय, ते काढून तिथे बारीक पिन बसवली की शंभरातल्या नव्वद जणांना चांगलं ऐकू येतं, असं त्या म्हणाल्या. मी तुला ते कागदावर लिहून दाखवलं, तू मान हलवलीस. मी पुण्याला येऊन ऑपरेशनची तारीख घ्यायला निघालो, तर बाबू गुरवाचा फोन. "ओंकार, आतेन रवळनाथाक कौल लावलो. डावो झालो. आते काय आता येवची नाय."

आते, तू पोस्टमास्तरीण होतीस. अख्ख्या वाडीची खाती तू सांभाळलीस, एका पैशाची चूक नाही. आणि स्वतःच्या कानांचा निकाल तू दोन ओल्या पाकळ्यांवर सोडलास? देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक, डावीकडे एक चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी सुकली की पडते, आते. तिला तुझ्या कानांचं काय माहीत?

मी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं काम करतो. मला पगार मिळतो तो एवढ्याचसाठी, की कोणी "गुण आला" म्हटलं तर मी विचारावं, "कशावरून?" तेच मी तुला विचारतोय. रवळनाथ तुला उत्तर देतो, कशावरून?

तुझी सून सलोनी नमस्कार सांगते. ती म्हणते, इतकं कडक लिहू नकोस. मी लिहिलं.

तुझा
ओंकार

—

कट्टा, वरचीवाडी
१७ जानेवारी

चि. ओंकार यास,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. आवाज चढवून वाचलं, पण ऐकू आलं नाही, त्यामुळे रागाचा उपयोग झाला नाही.

तू पत्र लिहितोस हे मला फार आवडतं. शेजारचे म्हणतात, मोठ्या पडद्याचा मोबाइल घे, त्यावर लिहून बोलता येतं. पण माझं सगळं आयुष्य शिक्के मारण्यात गेलं. पाकीट फोडल्याशिवाय मला कोणी माझ्याशी बोलतंय असं वाटत नाही. कानाचं यंत्र तू आणून दिलंस ते कुकरसारखं शिट्टी मारतं, म्हणून कपाटात आहे. त्यावर पुन्हा लिहू नकोस.

आता तुझ्या "कशावरून"बद्दल. शंभरात नव्वद म्हणालास. बरं. मी त्या नव्वदांत आहे की उरलेल्या दहांत, ते डॉक्टरीणबाई सांगू शकतात का? नाही ना? मग त्यांनी तरी काय केलं, कौलच लावला की. त्यांचा इंग्रजी आणि माझा मालवणी, एवढाच फरक.

आणि एक सांगते, रागावू नकोस. त्या दिवशी डॉक्टरीणबाई तुझ्याशी बराच वेळ बोलत होत्या. तू मला कागदावर त्या नव्वदांपुढे लिहिल्यास दोनच ओळी. "ऑपरेशन छोटं आहे. काळजीचं काही नाही." मी बहिरी आहे, पण मला घड्याळ दिसतं.

देव आहे की नाही, असा प्रश्न आमच्या वाडीत कोणी विचारत नाही. तो काय म्हणतो, एवढंच विचारतात. तुला विचारायचं असेल तर विचार. तेवढाच पत्रांना विषय.

काजूला मोहर चांगला आहे.

आत्या

—

पुणे
२६ जानेवारी

प्रिय आते,

घड्याळाचा टोमणा पोचला. डॉक्टर लोक खूप बोलतात, त्यातलं कामाचं थोडंच असतं.

इंग्रजी कौल हे भारीच होतं. मी ते ऑफिसात सांगितलं, सगळे हसले. पण फरक आहे, आते. नव्वदचा आकडा आला तो हजारो माणसांची ऑपरेशनं मोजून. ज्यांचं बिघडलं, त्यांनाही मोजून. तुमच्या देवळात बिघडलेलं कोण मोजतं? नव्या विहिरीचं आठवतं ना? रवळनाथाचा कौल उजवा झाला, ढोल वाजले, खणलं, आणि खाली काळा दगड. पाण्याचा थेंब नाही. तेव्हा कोणी म्हणालं का, की देव चुकला? सगळे म्हणाले, आपलं विचारायचं चुकलं. बरोबर आलं तर देवाचं, चुकलं तर आपलं. अशा देवाला नापास करायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही. आणि जो नापास होऊच शकत नाही, तो पास झाला याला अर्थ काय?

म्हणून मी एक साधी परीक्षा सुचवतो. ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं माहीत आहे, असे प्रश्न देवाला विचारायचे. ओंकार मुंबईत जन्मला का? सत्यवती पोस्टात होती का? भरपूर विचारायचे. सगळे बरोबर आले, तर मी स्वतः येऊन देवळात साष्टांग घालीन आणि ऑपरेशनचं नाव काढणार नाही. निम्मेच बरोबर आले, तर तू माझ्याबरोबर पणजीला यायचंस.

आहे कबूल?

ओंकार

—

वरचीवाडी
६ फेब्रुवारी

चि. ओंकार यास,

आशीर्वाद. तुझी परीक्षा घेऊन मी देवळात गेले. बाबूला तुझं पत्र वाचायला दिलं. त्याचा चेहरा असा झाला की देवाऐवजी त्यालाच परीक्षेला बसवलंय. मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, तेवढं मला कळलं. "आते, देवाक ता इचारूचा, जा आपणाक म्हायत नाय. म्हायत आसलेला इचारलंय तर देव म्हणतलो, हेंका काय कामधंदो नाय?"

मला ते पटलं. पण तुला पटणार नाही, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. तूच मला एकदा समजावलं होतंस, की तुमच्या चाचणीत अर्ध्या लोकांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना साखरेची, आणि कोणाला कुठली ते कोणालाच सांगत नाहीत. कारण माणसाला कळलं की आपली परीक्षा चाललीय, तर तो नीट वागतो, किंवा मुद्दाम वाकडा वागतो. मग तो आकडा खोटा. बरोबर? आता मला सांग, देवाला न कळता त्याची परीक्षा तू कशी घेणार? तो देव असेल तर त्याला कळणारच. आणि त्याला कळलं नाही, तर तो देवच नाही, मग परीक्षा कोणाची? तुझी हत्यारं चांगली आहेत रे, पण ती माणसांसाठी केलेली आहेत.

विहिरीबद्दल तू बरोबर आहेस. मी तेव्हाही हेच म्हणाले होते, पण बाईमाणसाचं कोण ऐकतो. नाही, देव चुकला असं मला म्हणता येत नाही. आणि देव चुकला नाही असंही मला छातीठोक म्हणता येत नाही. हे मी तुलाच लिहितेय, बाबूला सांगू नकोस.

खरं सांगू का? मला भीती वाटते. मला अजून ढोल कळतो, छातीत धडधडतो. घंटा अगदी लांबून आल्यासारखी येते. कोणी कानाशी ओरडलं तर शब्द कळतात. जे उरलंय तेही गेलं तर? रवळनाथ नको म्हणाला, तेव्हा मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं. आता हस.

आत्या

—

वरचीवाडी
२ मार्च

चि. ओंकार यास,

आशीर्वाद. तुझं मधे पत्र नाही. पण माझ्याकडे बातमी आहे, म्हणून मीच लिहितेय.

काल पुन्हा कौल लावला. बाबूच म्हणाला, एकदा डावा झाला म्हणून काय झालं, पुन्हा विचारायला देवाची ना नसते. त्यानं देवापुढे मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी आधी पडली. लगेच पडली, बघणारे बघत राहिले.

तेव्हा मी ऑपरेशनला येते. तू तारीख घे. एप्रिलात घे, तोवर काजूचं काम आटपेल.

तुला पुरावा हवा होता ना? हा घे. ज्या देवानं डिसेंबरात नको म्हटलं, त्यानंच आता जा म्हटलं, आणि माझ्या मनातली भीती गेली. तू इतकी पत्रं लिहिलीस, त्यानं गेली नाही. एका पाकळीनं गेली. आता तुझ्या वहीत लिही, की देव आहे, आणि तो पुण्याच्या पोरांपेक्षा लवकर समजूत घालतो.

आत्या

—

पुणे
९ मार्च

प्रिय आते,

तुझं पत्र येऊन दोन-तीन दिवस झाले. तारीख मिळाली आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. हे पत्र पाठवू नये, असं सलोनीचं म्हणणं. "ऑपरेशन झाल्यावर सांग, तेव्हा हसतील त्या." मलाही तेच सोपं वाटत होतं. पण काल रात्री जेवण अर्ध्यावर टाकून उठलो आणि हे लिहायला घेतलं.

आते, तो कौल खोटा आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी मी बाबूला फोन केला होता. त्याला म्हटलं, पुन्हा कौल लाव, आणि या वेळी डावी पाकळी चांगली भिजवून लाव, उजवी जेमतेम ओली ठेव. ती आधी पडणारच. तो नाही म्हणत होता. मी त्याला म्हटलं, आतेला ऐकू यायला हवं की नको? तुझ्या पाकळीपायी तिचा जन्म असाच जायला हवा का? तो गप्प राहिला. मी ते होय समजलो.

गेल्या वर्षी आम्ही एका केंद्राची सगळी माहिती फेकून दिली, कारण तिथल्या माणसानं गोळ्यांची पाकिटं आधीच उघडून पाहिली होती. त्याचा हेतू चांगला होता. आजाऱ्यांना खरी गोळी मिळावी म्हणून त्यानं ते केलं. त्याला मी काय काय बोललो होतो, ते आता आठवतंय. मी तेच केलं. तेही तुझ्यावर.

म्हणून तो पुरावा मी माझ्या वहीत लिहिणार नाही. उजवी पाकळी पडली यावरून देव आहे असंही ठरत नाही, नाही असंही ठरत नाही. त्यात मधे माझा हात होता, एवढंच ठरतं.

आणि खरं सांगायला निघालोच आहे, तर अजून एक. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. शंभरात एखाद्याचं आहे तेही ऐकू येणं जातं, कायमचं. ते मी कागदावर लिहिलं नाही. तू घाबरशील म्हणून लिहिलं नाही. तुझ्या घड्याळाच्या टोमण्यालाही मी लबाडीनं उत्तर दिलं.

मला अजूनही वाटतं, की तू ऑपरेशन करावंस. मनापासून वाटतं. पण आता तुला सगळं माहीत आहे, आणि ठरवायचं तूच. तू नाही म्हणालीस तर मी तारीख रद्द करीन आणि पुन्हा एक शब्द बोलणार नाही. बाबूवर रागावू नकोस, चूक माझी आहे.

तुझा
ओंकार

—

वरचीवाडी
१६ मार्च

माझ्या लाडक्या ओंकारास,

पत्र वाचलं. ओसरीवर बसून वाचलं, मग आत जाऊन रडले, मग चहा केला. आता लिहितेय.

तू बाबूला फोन केलास ना, त्याच संध्याकाळी तो माझ्या दारात आला. काही बोलेना. मग माझ्या पाटीवर खडूनं लिहिलं, काय झालं ते सगळं. आणि वर ओरडला, "माझ्या हातान ह्या होवचा नाय, आते. तू माझा काय ता कर." तुला तो गप्प राहिला हे होय वाटलं. आपल्याकडे माणूस गप्प राहिला की त्याचा अर्थ "नाही" असा असतो. पुण्यात राहून तू हेही विसरलास.

मला इतका राग आला! देवाशी लबाडी, तीही माझ्या नावानं, आणि करणारा कोण, तर दिवसभर "कशावरून, कशावरून" करणारा. त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी देवळात गेले. बाबूला म्हटलं, पाकळ्या लावू नकोस, तू बाजूला हो. मी स्वतःच गाऱ्हाणं घातलं. बायका घालत नाहीत, पण देवळात तेव्हा बाबूशिवाय कोणी नव्हतं, आणि बाबू माझ्या बाजूचा. म्हटलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, माझो झील ओंकार शिकान मोठो झालो, पण माका खरा सांगता की नाय, ता माका कळणा नाय. तेणा आपणाहून खरा सांगल्यान, तर मी जातंय. नाय सांगल्यान, तर जावचंय नाय. ह्योच माझो कौल. होय म्हाराजा." एरवी "होय म्हाराजा" भोवती जमलेले म्हणतात, या वेळी माझं मीच म्हटलं.

आणि घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं. कौल लागलाच नव्हता. उजवी पाकळी नाही, डावी नाही. नाव सत्यवती, आणि लिहिलं ते धादांत खोटं. त्यासाठी देवाला नारळ दिलाय. तुला काही देणार नाही, तू मोठा चोर, मी लहान.

ओंकार, बहिऱ्या माणसाचं काय असतं ते तुला सांगते. सगळं जग त्याच्यासमोर बोलतं, आणि त्याला मिळतं ते दुसऱ्यानं निवडून दिलेलं. चार वाक्यांचं एक करून. लोक वाईट नसतात, दमतात. काही गोड करून सांगतात. आपण हसतो, मान हलवतो. त्या दिवशी पणजीला डॉक्टरीणबाईंनी एक बोट वर केलं, आणि तुझा चेहरा उतरला. मी पाहिलं. मग तू लिहिलंस, काळजीचं काही नाही. ते बोट तू कागदावर लिहिलं नाहीस. मला ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती. माझा ओंकारसुद्धा आता मला निवडून निवडून सांगतो. मग त्याचे नव्वद खरे कशावरून? म्हणून मी देवाकडे गेले. डाव्या पाकळीनं बरं वाटलं ते यासाठी.

देवाकडे मी पाकळीचं खरं मागितलं होतं. तू बोटाचंही पाठवलंस. मी मागितलं त्याच्या दुप्पट दिलंस.

मी एप्रिलात येते. शंभरात एकाचं जातं हे वाचून येते. तुझी भीती, माझी भीती, दोन्ही पिशवीत घालून येते. देवानं तुला बोलतं केलं की सलोनीच्या हातच्या जेवणानं केलं, यावर तू पानभर लिहिशील. लिही. मी वाट बघते.

बाबूला फोन कर आणि माफी माग. तो तुझ्यासाठी फणसाचे गरे सुकवून ठेवणार आहे.

आत्या

—

पुणे
२४ मार्च

प्रिय आते,

बाबूची माफी मागितली. त्यानं पहिल्यांदा मला यथेच्छ शिव्या घातल्या, मग विचारलं, गरे किती होयेत?

तू माझ्यावर चाचणी केलीस, मला न कळता, आणि मी पास झालो. आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला. पण धंदा म्हणून सांगतो, एका माणसावर केलेल्या चाचणीवरून काही सिद्ध होत नाही. मी कदाचित नुसताच घाबरलो असेन. तू कौलाबद्दल लिहिलं नसतंस, तर बोटाचं मी कधी सांगितलं असतं का, हे माझं मलाच माहीत नाही. ते आता मी स्वतःला विचारतोय, आणि उत्तर चांगलं येत नाही.

देवाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण मी एक चूक करत होतो. तू देवळात जाऊन नेमकं काय विचारतेस, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. देव आहे का, देव आहे का, एवढंच घोकत बसलो.

पुढच्या आठवड्यात कणकवलीला उतरतो. आता जे काही कळेल, ते सगळं लिहून देईन. अगदी डॉक्टरीणबाई खोकल्या तरी लिहून देईन.

ओंकार

—

वरचीवाडी
१४ मे

चि. ओंकार यास,

अनेक आशीर्वाद. तू पणजीहून मला घरी सोडून गेलास, तेव्हा कानात बोळा होता आणि डोकं गरगरत होतं. त्या दिवसांत मी काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. बोळा काढला, तरी पहिले काही दिवस सगळं डब्यातून आल्यासारखं यायचं. मी मनाची तयारी करून ठेवली होती. शंभरातली ती एक मीच, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

मग हळूहळू एकेक यायला लागलं. आपला फ्रिज किती ओरडतो, तू मला कधी सांगितलं नाहीस. शेजारचा कुत्रा मी गरीब समजत होते. तो गरीब नाही. पोह्याचा पापड खाल्ला तर घाबरून हात थांबला, एवढा आवाज स्वतःच्या तोंडात.

परवा देवळात वाडीतल्या कोणाच्या तरी घराच्या पायाचं गाऱ्हाणं होतं. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघून "होय म्हाराजा" म्हणायचे, नेहमी सगळ्यांच्या मागून. परवा डोळे मिटून उभी राहिले. बाबूचा आवाज चिरका आहे, लहानपणी होता तसाच. सगळ्यांबरोबर म्हटलं, होय म्हाराजा. डोळ्यांतून पाणी आलं. बाबू नंतर म्हणाला, "आते, आयकलंस?" मी म्हटलं, "आयकलंय. आणि तू दोन शब्द गाळलंस."

ऑपरेशन नीट झालं ते डॉक्टरीणबाईंच्या हातानं. मी टेबलावर जाऊन झोपले ते तुझ्या पत्रानं. त्यात रवळनाथानं काय केलं, ते मी त्याला विचारलं नाही. तुझ्या मते काहीच नाही. माझ्या मते खूप. आपल्या दोघांत कोण बरोबर, हे कळायला पुष्कळ भांडावं लागेल, आणि मला त्याची हौस आहे. दुसऱ्या कानाचं पावसाळ्यानंतर बघू म्हणतात.

पण ते भांडण पत्रात नको. शेजाऱ्यांनी माझ्या त्या बटणांच्या फोनचा आवाज पूर्ण वाढवून दिलाय. मी तो पुन्हा कमी केला. दिवाबत्ती झाली की मी ओसरीवर बसते. तेव्हा फोन कर. नुसतं बोल, आणि ओरडू नकोस, मला ऐकू येतं.

आत्या